मुलाचे शब्द मुलाचेच राहावेत: पोक्सो प्रकरणात बालकाचा जबाब कसा नोंदवला जावा

पोलिसी जबाबाची मराठी वेगळीच असते. "समक्ष पोलीस ठाणे येथे हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देते की, मी वरील ठिकाणी आईवडिलांसह राहण्यास असून इयत्ता दुसरीत शिक्षण घेते," अशी तिची सुरुवात होते. सात वर्षांची मुलगी असे बोलत नाही. ती म्हणते, "मम्मी दुकानात गेली होती, तेव्हा खालचे काका आले." कागदावर तेच वाक्य "आई घरगुती सामान आणण्यासाठी बाहेर गेली असता तळमजल्यावर राहणाऱ्या इसमाने घरात कोणी नसल्याचा गैरफायदा घेऊन" असे उतरते. "गैरफायदा" हा शब्द त्या मुलीचा नाही. दीड-दोन वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा बचाव पक्ष नेमके त्याच शब्दावर बोट ठेवतो आणि हे तिला कोणी शिकवले असे विचारतो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. बालकाचा जबाब "बालक बोलेल तसाच" नोंदवावा असे या कायद्याच्या कलम २५ आणि २६ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच तरतुदीकडे होते. मुलाने ज्यांना पहिल्यांदा सांगितले ते पालक किंवा शिक्षक, नव्याने या कामात आलेले वकील आणि मुलासोबत जाणारे कार्यकर्ते यांना प्रत्येक टप्प्यावर काय व्हायला हवे आणि कशाचा आग्रह धरता येतो हे कळावे, यासाठी हा लेख लिहिला आहे. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, त्यामुळे यातील सर्व तरतुदी मुलगे आणि मुली दोघांनाही सारख्याच लागू होतात.

घरात किंवा वर्गात, पहिल्यांदा कळते तेव्हा

पहिला जबाब पोलीस घेतात असा समज आहे. प्रत्यक्षात तो आई, आजी किंवा वर्गशिक्षिका घेत असते आणि बिघडण्याची सुरुवातही तिथेच होते. मूल काहीतरी अर्धवट बोलते, घाबरलेली आई दहा प्रश्न विचारते, संध्याकाळी वडील तेच विचारतात आणि रात्री मामा येऊन "नक्की तोच होता ना?" अशी खात्री करून घेतात. शाळेत बाईंनी एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणजे आधीचे उत्तर चुकले, हे मुलांना पक्के माहीत असते. घरातही तोच प्रश्न पुन्हा आला की ती उत्तर बदलतात किंवा समोरच्याला हवे असेल असे वाटणारे उत्तर देतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण १९८३ ते १९९० अशी सात वर्षे चालले आणि एकही दोषसिद्धी न होता संपले. त्यात मुलांना उत्तर सुचवणाऱ्या, पुन्हापुन्हा विचारलेल्या प्रश्नांमुळे त्यांच्या सांगण्यातले खरे किती आणि भरवलेले किती हे वेगळे काढणे अशक्य झाले होते. बालकांच्या मुलाखतीचे आजचे शास्त्र बऱ्याच अंशी अशा फसलेल्या प्रकरणांतून उभे राहिले आहे.

म्हणून मूल सांगते तेवढे ऐकून घ्यावे. "बरं, मग?" यापलीकडे फारसे विचारू नये. "तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही," एवढे म्हणावे आणि "कुणालाच सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मूल झोपल्यावर वहीत तारीख, वेळ, विषय कसा निघाला आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. त्याने अवयवाला घरातला शब्द वापरला असेल तर तोच लिहावा. मुलाला समोर बसवून मोबाइलवर चित्रीकरण करू नये. हेतू चांगला असला तरी ती चित्रफीत कुठे पोहोचेल यावर कोणाचाही ताबा राहत नाही आणि चित्रीकरण करणाऱ्याचे प्रश्न बहुधा उत्तर सुचवणारेच असतात. घटना ताजी असेल तर त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत.

खबर देणे

कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे. खबर न दिल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीच्या गुन्ह्याची खबर दिली नाही तर कैद एक वर्षापर्यंत जाते. मात्र स्वतः बालकाला या कलमाखाली शिक्षा होत नाही. "आधी शाळेची अंतर्गत चौकशी करू, मग बघू" या भूमिकेला कायद्यात जागा नाही. शिवाय अशा चौकशीत मुख्याध्यापक, विश्वस्त आणि पालक संघाचे अध्यक्ष मिळून मुलाला केबिनमध्ये उभे करून प्रश्न विचारतात, म्हणजे पुराव्याचेही नुकसान होते. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात खबर न दिल्याबद्दल एका डॉक्टरांवर नोंदवलेला गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो आदेश फिरवला आणि वेळेत खबर देण्याला या कायद्यात किती महत्त्व आहे हे अधोरेखित केले. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे संरक्षण कलम १९ मध्येच आहे.

खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आता स्पष्टपणे लिहिलेले आहे, आणि प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात जाणे शक्य नसेल तर १०९८ (बालकांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन सेवा) या क्रमांकावर कळवता येते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फिर्याद आई, वडील, शिक्षक किंवा कोणीही देऊ शकत असल्यामुळे त्याच रात्री मुलाला ठाण्यात बसवून सर्व काही बोलायला लावण्याची गरज नसते. कलम २४ नुसार बालकाला कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. "मॅडम येईपर्यंत बसा" असे ऐकून मूल बाकावर झोपी गेल्याचे या कामातल्या बहुतेकांनी पाहिलेले आहे. अशा वेळी फिर्याद मोठ्यांच्या नावाने नोंदवून घ्यावी आणि मुलाच्या जबाबासाठी दुसऱ्या दिवशी घरी यावे, असे ठाणे अंमलदारांना शांतपणे पण ठामपणे सांगावे.

पोलिसांपुढचा जबाब

जागेची निवड बालकाकडे असते. कलम २४ नुसार जबाब बालकाच्या घरी, ते नेहमी राहते तिथे किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी नोंदवायचा असतो. आरोपी त्याच घरातला किंवा त्याच इमारतीतला असेल तर घर ही सर्वांत वाईट जागा ठरते. अशा वेळी मावशीचे घर, शाळेतील रिकामी खोली किंवा एखाद्या संस्थेचे कार्यालय सुचवावे. जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि अधिकाऱ्याने गणवेशात नसणे मात्र सक्तीचे आहे. कोणत्याही क्षणी बालक आरोपीच्या समोर येणार नाही याची काळजी तपास अधिकाऱ्याने घ्यायची असते. ओळख पटवण्याच्या नावाखाली मुलाला आरोपीपुढे उभे करणे यात बसत नाही.

कलम २६ प्रमाणे जबाबाच्या वेळी पालक किंवा बालकाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशी कोणतीही व्यक्ती सोबत असते. ही व्यक्ती आईच असली पाहिजे असे नाही. अनेक मुले आईसमोर बोलत नाहीत, कारण आई रडेल ही भीती त्यांना स्वतःच्या भीतीपेक्षा मोठी वाटते. "तुझ्यासोबत कोण बसू?" हा प्रश्न मुलाला एकट्यात विचारावा. जो सोबत बसेल त्याने मागे किंवा बाजूला बसावे, मुलाच्या नजरेसमोर बसू नये. त्याने बोलू नये, मान डोलावू नये आणि "अगं, ते पण सांग ना" असे तर मुळीच म्हणू नये.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्रात फार खोल आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया आणि नंदुरबारकडे भिली बोलणाऱ्या मुलाचा जबाब प्रमाण मराठीत "समजून घेऊन" लिहिला जातो. कायद्याने अशा वेळी दुभाषा देणे आवश्यक आहे आणि २०२० च्या पोक्सो नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दुभाषे, अनुवादक व विशेष शिक्षकांची यादी असायला हवी. आश्रमशाळेचा अधीक्षक हा सोयीचा दुभाषा असतो, पण प्रकरण त्याच शाळेतले असेल तर त्याला नकार द्यावा. अपंग बालकासाठी विशेष शिक्षक किंवा त्याची संवादाची रीत ओळखणारी व्यक्ती बोलवायची असते. शक्य असेल तेथे जबाबाचे दृकश्राव्य मुद्रण करावे असेही कलम २६ सांगते. "शक्य असेल तेथे" या तीन शब्दांत ही तरतूद बहुतेकदा अडकते, म्हणून मुद्रणाची मागणी लेखी करावी.

मुलाखत प्रत्यक्षात कशी चालावी हे कायद्यात तपशिलाने लिहिलेले नाही. त्यासाठी महिला व बालविकास मंत्रालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. चांगली अधिकारी थेट घटनेवर येत नाही. ती आधी नियम सांगते: माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणायचे, प्रश्न कळला नाही तर तसे सांगायचे, आणि "माझे काही चुकले तर मला सुधारायचे." मग ती पडताळून पाहते. "तू नऊ वर्षांचा आहेस ना?" असे सात वर्षांच्या मुलाला मुद्दाम विचारते, आणि त्याने "नाही, सात" म्हटले की मोठ्या माणसाची चूक दाखवायची परवानगी त्याला खरोखर मिळालेली असते. त्यानंतर शाळेतल्या सहलीबद्दल किंवा कालच्या दिवसाबद्दल मोकळेपणाने बोलू द्यायचे. यात गप्पांपेक्षा सरावाचा हेतू मोठा असतो, कारण लांब उत्तर दिले तरी चालते हे मुलाला त्यातून कळते. मगच "आज आपण इथे कशासाठी बसलो आहोत, तुला काय वाटते?" असा उघडा प्रश्न येतो, आणि पुढे "मग काय झाले?", "त्याबद्दल आणखी सांग."

"त्याने तुला हात लावला का?" या प्रश्नात गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही आधीच भरलेले आहेत. "लाल शर्ट होता की निळा?" यात तिसऱ्या रंगाला जागाच नाही. "किती वेळा झाले?" याचे उत्तर लहान मूल "शंभर वेळा" असेही देते, म्हणून "एकदा झाले की जास्त वेळा?" असे विचारून "शेवटचे कधी झाले ते सांग" असे पुढे जावे. तारखा विचारू नयेत. गणपती बसले होते का, सहामाही झाली होती का, मामाकडे जायच्या आधी की नंतर, अशा खुणांनी काळ बऱ्यापैकी नेमका मिळतो. उत्तरानंतर "शाब्बास" म्हणणे किंवा चॉकलेट देणेही टाळावे, कारण कोणत्या उत्तराला बक्षीस मिळते हे मुलांना लगेच उमगते.

अवयवाच्या नावाबाबत मुलाचा शब्द अवतरणात लिहावा आणि तो कशाला म्हणतात हे मुलानेच चित्रावर किंवा शब्दांत सांगितले तसे पुढच्या वाक्यात नोंदवावे. "गुप्तांग" हा शब्द मुलाने उच्चारला नसेल तर तो जबाबात येण्याचे कारण नाही. लिहून झाल्यावर जबाब मुलाला त्याच्याच भाषेत वाचून दाखवण्यास सांगावे आणि चुका तिथेच दुरुस्त करून घ्याव्यात. तपासातील अशा जबाबावर सही घेता येत नाही. सही फिर्यादीवर असते. नंतर मुलाला काही नवे आठवले तर ते खोटे ठरत नाही, त्यासाठी पुरवणी जबाबाची सोय आहे. मात्र पुरवणी जबाब जितके वाढतात तितका विरोधाभास दाखवायला वाव मिळतो, हेही विसरू नये.

डॉक्टरांपुढे आणि समितीपुढे

वैद्यकीय तपासणी हीसुद्धा एक मुलाखत असते, आणि याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. डॉक्टर "हिस्टरी" लिहितात ती घाईत, बरेचदा सोबतच्या शिपाई बाईंनी सांगितलेली असते, आणि न्यायालयात ती जबाबाशी ताडून पाहिली जाते. कोणी सांगितले ते कागदावर लिहावे, असा आग्रह धरावा. कलम २७ नुसार गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते, मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि विश्वासातील व्यक्ती तेथे हजर राहते. तातडीचे उपचार देण्यापूर्वी रुग्णालयाने पोलिसांचे पत्र किंवा अन्य कागद मागू नयेत, असे पोक्सो नियमांतील नियम ६ सांगतो.

पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीला) आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. प्रत्येक मुलाला समितीपुढे उभे करण्याची गरज नसते. आरोपी त्याच घरात राहतो किंवा मुलाला आधारच नाही, अशा परिस्थितीत ते करावे लागते. समितीने सुरक्षिततेबद्दल विचारावे, घटना पुन्हा वदवून घेऊ नये. येथेच सहाय्यक व्यक्तीची मागणी करावी. सर्वजण तिला सपोर्ट पर्सन म्हणतात. बालक व पालकांच्या संमतीने समिती तिची नेमणूक करते आणि ती तपासापासून खटल्यापर्यंत सोबत राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत सविस्तर निर्देश दिलेले आहेत. तातडीच्या खर्चासाठी विशेष मदतीची शिफारसही समितीच करते.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब

ठाण्यात आजही याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून "एकशे चौसष्टचा जबाब" म्हणतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८३ झाले आहे. २०१४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पीडितेला शक्यतो २४ तासांत, आणि जमल्यास महिला दंडाधिकाऱ्यांपुढे, न्यावे आणि उशीर झाल्यास त्याची कारणे केस डायरीत लिहावीत असे म्हटले आहे. आरोपीच्या वकिलाला या वेळी हजर राहता येत नाही, हे पोक्सोच्या कलम २५ ने स्पष्ट केले आहे. हा जबाब स्वतंत्र पुरावा मानला जात नाही. साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा विरोधाभास दाखवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. अपंग व्यक्तीच्या बाबतीत मात्र कलम १८३ ची वेगळी तरतूद आहे आणि तो जबाब सरतपासाऐवजी, म्हणजे न्यायालयातील मुख्य साक्षीऐवजी, धरला जातो, म्हणून तेथे विशेष शिक्षक आणि चित्रीकरण यांचा हट्ट अजिबात सोडू नये.

घरून निघताना मुलाला "पोलिसांना सांगितलेस तेच सगळे सांग" असे बजावू नये. त्यामुळे मूल पाठ केलेले म्हणू लागते. "जे झाले ते सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण," एवढे पुरे आहे.

न्यायालयात

कलम ३५ प्रमाणे न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत बालकाची साक्ष व्हावी आणि खटला शक्यतो एका वर्षात संपावा. बहुतेक ठिकाणी हे घडत नाही, म्हणूनच सुरुवातीच्या जबाबाचे महत्त्व वाढते. सरकारी वकील आणि बचावाचा वकील आपले प्रश्न न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश ते मुलाला विचारतात, असे कलम ३३ सांगते. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यहनन यांना बंदी आहे, विश्रांतीसाठी मध्ये थांबता येते आणि बालकाला पुन्हापुन्हा साक्षीला बोलवायचे नसते. ओडिशातील एका प्रकरणात पीडितेला पुन्हा उलटतपासासाठी बोलावण्याची आरोपीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याच तरतुदीच्या आधारे फेटाळली. कलम ३६ आणि ३७ मुळे सुनावणी बंद दाराआड होते आणि मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा, एकतर्फी आरसा किंवा दृकश्राव्य यंत्रणा वापरली जाते. असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे हवीत, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या दोन प्रकरणांत, २०१७ आणि २०२२ मध्ये, दिला. आपल्या जिल्ह्यात असे केंद्र सुरू आहे का, हे साक्षीच्या तारखेआधी विचारून घ्यावे. गोव्यात तर पोक्सोच्या नऊ वर्षे आधी, २००३ साली, स्वतंत्र बाल कायदा झाला आणि त्याखाली बाल न्यायालयही आले.

मूल लहान आहे म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही. विश्वासार्ह वाटल्यास एकट्या बालसाक्षीदाराच्या साक्षीवरही दोषसिद्धी होऊ शकते, हे महाराष्ट्रातील एका खटल्यात १९९७ मध्येच ठरलेले आहे. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, पण खरे बोलायचे असते हे कळत असेल, तर शपथेविनाही साक्ष घेता येते.

नाव फुटू नये म्हणून

मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, कुटुंब किंवा शेजार यांवरून ओळख उघड करणारा कोणताही मजकूर प्रसिद्ध करणे कलम २३ खाली गुन्हा आहे. पालकांची संमती असली तरी ती पुरेशी नाही, परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात "आपल्या बी विंगमधील प्रकार" असे लिहिणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. फिर्यादीची प्रत मोबाइलवर फोटो काढून कोणालाही पाठवू नये.

वरीलपैकी काही पाळले गेले नाही तर जबाब आपोआप रद्द होत नाही, पण त्याचे वजन कमी होऊ शकते. त्यामुळे तक्रार त्याच वेळी लेखी करावी. आधी तपास अधिकाऱ्याकडे, मग पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे, आणि प्रत बालकल्याण समितीला द्यावी. कलम ४० नुसार कुटुंबाला स्वतःचा वकील लावता येतो. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देते.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी सरकारी वकिलांना किंवा न्यायालयाच्या पैरवी अंमलदाराला (न्यायालयातील कामकाज पाहणाऱ्या पोलिसाला) फोन करून प्रकरण खरोखर चालणार आहे का ते विचारावे. आरोपीचा वकील गैरहजर, न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख, हे दोन-तीनदा झाले की मूल चौथ्यांदा जायला तयार होत नाही. गेलेच, तर डबा, पाण्याची बाटली आणि त्याचे आवडते चित्रांचे पुस्तक सोबत ठेवावे, आणि आरोपी ज्या जिन्याने येतो त्या जिन्याने न जाता दुसऱ्या दाराने आत घेण्याची विनंती आधीच करून ठेवावी.